बावीस अक्षरांची चाल

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी मी वहीत या ओळी लिहिल्या:

आईच्या हाताला । भाकरीचा वास ।
पहिला तो घास । आठवतो ॥
गावाकडची ती । वाट आता दूर ।
डोळ्यांमध्ये धूर । चुलीचाच ॥

लिहायला वीसेक मिनिटं लागली असतील. चाल लागायला अडीच महिने लागले. मी हौशी पेटीवाला आहे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, आणि गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळात साथीला बसायचं, एवढाच माझा संगीताशी व्यवहार. पण त्या अडीच महिन्यांत चाल म्हणजे नेमकं काय, ती कशी बसते आणि कुठे अडते, हे मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या वीस वर्षांच्या वादनात कळलं नव्हतं. ते इथे मांडतो. ज्यांना थोडं गाता येतं, पेटी किंवा गिटार थोडी वाजवता येते आणि ‘आपण स्वतः काही करावं’ असं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते समजत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. चाल आभाळातून पडते, ज्याला सुचते त्याला सुचते, बाकीच्यांनी नाद सोडावा, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सुचणं असतंच, ते मी नाकारत नाही. पण सुचलेला तुकडा सहसा एका ओळीचा, कधी अर्ध्या ओळीचा असतो. बाकीची चाल आपण ठरवत जातो. कोणत्या शब्दावर वजन द्यायचं, कुठे थांबायचं, कुठे वर चढायचं हे एकेक करून ठरवायचं असतं, आणि ते शिकता येतं.

आधी म्हणा, मग गा

पेटी बंद ठेवा. ओळ नुसती बोला. कविता म्हणून दाखवतो तशी नको, समोरच्याला काही सांगतो तशी. पाच वेळा, दहा वेळा.

‘आईच्या हाताला भाकरीचा वास.’

मी हे बोललो तेव्हा ‘आईच्या हाताला’ हे शब्द थोडे घाईने, पुढे काही यायचंय अशा बेताने गेले. ‘भाकरी’वर आवाज वर आला. ‘वास’वर तो रेंगाळला. दुसऱ्या कोणी हीच ओळ ‘आई’वर जोर देऊन म्हणेल, आणि तेही बरोबरच. पण मग ते गाणं आईचं होईल. माझं गाणं भाकरीचं होतं, तिच्या वासातून आठवणाऱ्या आईचं. हा निर्णय एकही सूर लावण्याआधी झाला, आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

बोलताना आवाज आपोआप चढतो, उतरतो, थांबतो. हाच चालीचा कच्चा आराखडा. चढ कुठे, उतार कुठे, श्वास कुठे, हे पेन्सिलीने ओळीवर खुणा करून ठेवा. मी नुसते बाण काढतो.

अक्षरं मोजायची ती कशासाठी

आता छंद. नाव ऐकून घाबरू नका, कारण इथे मोजता येणं पुरेसं आहे.

वरच्या ओळी मोठ्या अभंगाच्या घडणीतल्या आहेत. मोठ्या अभंगाला चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं: वास-घास, दूर-धूर. अभंगात अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, मोजताना ते एकच धरतात. म्हणून अभंग आणि ओवी यांना चाल लावणाऱ्याला मोकळीक फार असते. अक्षर किती लांबवायचं हे छंद ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

गणवृत्तात असं नसतं. मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत त्याचा साचा पक्का आहे: लघु-गुरु-गुरु, असं चार वेळा. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या तर पाच-पाच मात्रांचे चार गट होतात. असं वृत्त स्वतःची लय सोबत घेऊनच येतं. नुसतं म्हणायला लागलात तरी शरीर डोलतं. पहिल्यांदा चाल लावणाऱ्याला ते सोपं वाटतं, पण त्या झोक्यातून बाहेर पडून वेगळं काही करणं तितकंच अवघड. मुक्तछंदाला चाल लावणं तर मी अजून धाडसाने टाळतोच आहे. माझा सल्ला असा की पहिला प्रयत्न अभंगावर किंवा ओवीवर करा.

आणखी एक बारीक गोष्ट. बोलताना आपण मधले ‘अ’ गिळतो. ‘आठवतो’ हा शब्द तोंडातून ‘आठव्‌तो’ असा बाहेर पडतो, ‘गावाकडची’ची ‘गावाकड्‌ची’ होते. छंद मात्र लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजतो, आणि गाताना ते पूर्ण उच्चारावं लागतं: आ-ठ-व-तो, चार. जुन्या अभंगगायनात अक्षरं अशी सुटी, पूर्ण ऐकू येतात ती यामुळेच. बोलून मोजलंत तर हिशेब चुकेल.

तालात बसवणं, आणि नुसतं बसलं म्हणजे झालं का

ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं फिरतं चक्र. एक फेरी म्हणजे आवर्तन. चक्र जिथून सुरू होतं ती पहिली मात्रा म्हणजे सम. ऐकणाऱ्याचं डोकं नकळत हलतं ती जागा. मधे एक हलकी जागा असते, ती खाली. दादऱ्याच्या मात्रा सहा, केरव्याच्या आठ. आपला भजनी ठेकाही आठ मात्रांचाच.

सहा अक्षरांचा चरण आणि सहा मात्रांचा दादरा! मला वाटलं, सगळं जुळून आलं. एका मात्रेला एक अक्षर:

आ ई च्या | हा ता ला
भा क री | चा वा स
प हि ला | तो घा स
आ ठ व | तो ऽ ऽ

पहा, किती चोख बसतं. चौथ्या चरणात अक्षरं चार, म्हणून दोन मात्रा मोकळ्या उरतात आणि तिथे श्वास घेता येतो. बावीस अक्षरं, चोवीस मात्रा. अभंगाचा शेवटचा चरण आखूड का, याचं एक उत्तर मला इथेच मिळालं. गाणाऱ्याला दम घ्यायला ती जागा आहे.

पण गायला बसलो तर ते बालवाडीतल्या पाठांतरासारखं वाटायला लागलं. आठ-दहा दिवस मी सूर बदलत राहिलो. वाटायचं, राग चुकला असेल. दोष सुरांत नव्हताच. सम प्रत्येक चरणाच्या पहिल्या अक्षरावर पडत होती: आ, भा, प, आ. चारही शब्दांना सारखंच वजन. आणि मी तर आधीच ठरवलं होतं की वजन भाकरीला द्यायचं.

मग भजनी ठेका घेतला आणि ओळ समेवरून न उचलता तिसऱ्या मात्रेवरून उचलली (– म्हणजे रिकामी मात्रा, ऽ म्हणजे आधीचं अक्षर लांबवायचं):

– – आ ई | च्या हा ता ला
भा क री चा | वा ऽ ऽ स
– – प हि | ला तो घा स
आ ऽ ठ व | तो ऽ ऽ ऽ

शब्द तेच. फक्त ‘आईच्या हाताला’ आता धावत येतं आणि ‘भा’वर सम पडते. पुढे पाचव्या मात्रेवर ‘वा’ येतो आणि तीन मात्रा रेंगाळतो, मी बोलताना रेंगाळलो होतो तसाच. दुसऱ्या ओळीत ‘पहिला तो घास’ धावतो आणि सम येते ‘आठवतो’वर. म्हणजे चार आवर्तनांतल्या दोन समा भरलेल्या: भाकरी आणि आठवतो. उरलेल्या दोन समांवर गायक गप्प, तिथे फक्त मृदंग.

हे पहिल्यांदा नीट जमलं त्या रात्री मी ते चाळीसएक वेळा म्हटलं असेन. सूर अजून नव्हतेच. टाळी आणि शब्द, एवढंच. पण गाणं तयार झालं होतं.

म्हणून तुम्हीही हे करून पहा. ओळ समेपासून सुरू करा. मग एक मात्रा आधी उचला, मग दोन, तीन. प्रत्येक वेळी सम कुठल्या अक्षरावर पडते ते ऐका. ‘चा’, ‘ला’, ‘ने’ अशा प्रत्ययावर सम आदळली की ओळ लंगडते. महत्त्वाच्या शब्दावर आली की ओळ बोलायला लागते. मोबाइलवर तबल्याचं अ‍ॅप लावून घ्या, नाहीतर मांडीवर टाळी द्या. मांडीवरची टाळी मला जास्त कामाची वाटते, कारण अ‍ॅपमधल्या तबल्याचा नाद इतका छान असतो की साधी ओळही त्यावर बरी वाटू लागते.

सूर

आता राग. इथे लोक उलटं करतात. आधी राग ठरवतात आणि शब्द त्यात कोंबतात. मी आधी चढ-उताराचे बाण पाहिले. ओळ खालून चढते, भाकरीवर टेकते आणि वासावर उतरते. सुरात आठवणीची ओढ हवी, पण रडगाणं नको. भूप लावून पाहिला. सा रे ग प ध हे पाचच सूर, सगळे शुद्ध, हौशी माणसाला सगळ्यात सुरक्षित. छान वाटला, पण फार प्रसन्न. भाकरी आत्ता ताटात आहे असं वाटायचं, आणि माझी भाकरी तर तीस वर्षांपूर्वीची. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल. तिथे सगळं संपूनच गेल्यासारखं वाटलं. भीमपलासवर येऊन थांबलो. त्यात ग आणि नि कोमल, बाकीचे शुद्ध. चढताना रे आणि ध वगळतात, उतरताना सगळे सूर घेतात. आणि या रागाचा जीव मध्यमात.

तेव्हा ‘भाकरी’च्या ‘भा’ला, समेवर, मध्यम द्यायचा. एवढं ठरल्यावर बाकीचं जवळपास आपोआप आलं. खाली मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातल्या नि ला नुक्ता दिला आहे, आणि ग-नि सगळीकडे कोमल समजा:

– – नि़ सा | ग ग म प
म ग म ग | रे ऽ सा सा

आणि दुसरी ओळ:

– – ग म | प नि ध प
म ऽ ग रे | सा ऽ ऽ ऽ

पेटीवर वाजवून पहा. विशेष काही नाही, दहा-बारा जागा. पहिल्या ओळीत पंचमाला हात लावून मध्यमावर टेकायचं, दुसऱ्या ओळीत त्याहून थोडं वर, निषादापर्यंत जाऊन परत त्याच मध्यमावर यायचं. दोन्ही ओळींची सम एकाच सुरावर येते, त्यामुळे कानाला त्या बहिणी-बहिणी वाटतात. हौशी चालींमध्ये मला एक दोष फार दिसतो, आणि माझ्या आधीच्या प्रयत्नांतही तो होता: प्रत्येक ओळीला नवीन काहीतरी. ऐकणाऱ्याला धरायला काहीच राहत नाही. एखादी जागा पुन्हा येऊ द्या. लोक गुणगुणतात ती परत आलेली जागाच.

आणि राग म्हणजे तुरुंग नाही. सुगम संगीतात दुसऱ्या रागातला एखादा सूर येतो, खुशाल येऊ द्यावा. फक्त तो शब्दासाठी यावा, बोट घसरलं म्हणून नको.

पेटीची सवय

पेटीवर माझा जीव आहे, तरीही हे सांगतो: पहिली चाल पेटीवर शोधू नका. बोटांना पाठ असलेल्या वाटा असतात आणि बोटं त्याच वाटांनी जातात. शिवाय पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूर मिळत नाही, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. त्यामागच्या आक्षेपांपैकी हा एक मोठा आक्षेप होता. बंदी मला अजिबात पटत नाही, आक्षेप मात्र पटतो. ‘भाकरी’वरचा मध्यम गळ्यातून पंचमावरून घसरत येतो, तेव्हा त्यात जी माया असते ती पेटीवर उतरत नाही. म्हणून तंबोरा लावायचा, गाऊन चाल शोधायची, आणि सापडलेली चाल पेटीवर तपासायची.

गिटार वाजवणाऱ्या मुलांनी दुसरी एक काळजी घ्यावी. भीमपलाससारख्या चालीखाली सा चा मायनर कॉर्ड बसतो, कारण त्यात सा, कोमल ग आणि प आहेत. मग हात सवयीने म च्या मायनरकडे जातो. पण त्यात कोमल ध येतो, आणि भीमपलासमध्ये ध शुद्ध. एका क्षणात गाण्याचा चेहरा बदलतो. तिथे म चा मेजर घ्या. आणि सगळ्यात बरं म्हणजे प्रत्येक शब्दाखाली कॉर्ड बदलू नका. सा-प ची तार वाजत राहिली तरी या चालीला खूप झालं.

अंतरा, आणि ‘चू’ची गोष्ट

मुखडा (परत परत येणारं धृपद) खालच्या अर्ध्या सप्तकात असेल तर अंतरा (पुढचं कडवं) सहसा वर जातो, तार सा च्या दिशेने. हा नियम कोणी लिहून ठेवलाय म्हणून पाळायचा असं नाही. तेच तेच ऐकून कान दमतात, त्यांना उंची हवी असते. माझ्या अंतऱ्यात वर जायला कारणही होतं, ‘दूर’ हा शब्द:

– – गा वा | क ड ची ती
वा ट आ ता | दू ऽ ऽ र

‘वाट’ समेवर आणि ‘दू’ तीन मात्रा लांब. आधी मी ‘दू’ला तार सप्तकातला कोमल ग दिला होता. घरी एकट्याने गाताना अंगावर काटा आला. मंडळात गायला दिला तर अर्ध्यांचे आवाज फाटले. आमच्याकडे पुरुष साधारण काळी एक ते काळी दोनमध्ये (पेटीची ती काळी पट्टी सा धरून) गातात, बायका काळी चार-पाचमध्ये, आणि एकत्र गाताना मधली कुठली तरी पट्टी धरून दोघांनीही थोडं सोसायचं असतं. अशा वेळी चालीचा पसारा सव्वा सप्तकाच्या आत ठेवलेला बरा. मी तार ग सोडला आणि ‘दू’ सरळ तार सा वर लांबवला. आता वाटतं, लांबच लांब एका सुरात गेलेली वाटच जास्त दूरची वाटते.

पुढची ओळ अडली ती मात्र सुरांमुळे नाही, ऱ्हस्व-दीर्घामुळे. ‘डोळ्यांमध्ये धूर, चुलीचाच’ मी मुखड्यासारखंच मांडलं होतं, म्हणजे सम ‘चु’वर:

– – डो ळ्यां | म ध्ये धू र
चु ऽ ली ऽ | चा ऽ ऽ च

‘चु’ दोन मात्रा लांबवला की तो ‘चू’ होतो. ‘चूल’ दीर्घ, पण ‘चुलीचा’ ऱ्हस्व. गाताना ‘चूलीचाच’ असं कानावर यायचं आणि दर वेळी खटकायचं. अभंग ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाही हे खरं, पण मराठी कान मोजतो. शब्द बदलायचा विचार केला, पण धूर चुलीचाच हवा होता. शेवटी ओळ एक मात्रा आधी उचलली:

– डो ळ्यां म | ध्ये धू र चु
ली ऽ ऽ ऽ | चा ऽ ऽ च

‘चु’ समेच्या आधीच्या एका मात्रेत पटकन निघून जातो आणि सम पडते ‘ली’वर, जो मुळातच दीर्घ आहे. हवा तेवढा लांबवा. एवढ्या एका बदलाला मला नऊ दिवस लागले. आता मी दुसऱ्यांची गाणी ऐकतो तेव्हा हेच शोधत बसतो: ऱ्हस्व अक्षर संगीतकाराने कुठे लपवलं? मुरलेल्या संगीतकारांच्या चालींत ते बहुतेक वेळा समेच्या आधी सापडतं.

याच ओघात स्वर-व्यंजनाचंही सांगतो. लांबवायचं ते स्वरावर. ‘वास’मध्ये ‘वा’ लांबवायचा, ‘स’वर रेंगाळलात तर प्रेशर कुकरची शिट्टी होते. आ, ओ, ए हे लांबवायला मोकळे. उंचावर ‘ई’ आवळतो. म्हणून सगळ्यात वरच्या सुरावर कोणता स्वर येतो ते एकदा तपासून पहा.

उसनी चाल

ज्यांना हे सगळं एकदम करणं जड वाटेल त्यांच्यासाठी जुनी वाट आहे, आणि ती आपलीच आहे. पाठ असलेल्या चालीवर नवे शब्द बसवायचे. जात्यावर बसलेल्या बायकांनी हेच केलं. ओवीची चाल ठरलेली, शब्द रोजचे नवे. साकी, दिंडी, आर्या या वृत्तांच्या ठरलेल्या चाली कीर्तनकारांना पाठ असायच्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतला’पासून मराठी संगीत नाटकात पदाच्या डोक्यावर चक्क छापलेलं असायचं: चाल अमुक अमुक, आणि पुढे एखाद्या माहीत असलेल्या चीजेचे (रागदारीतल्या बंदिशीचे) वा पदाचे शब्द. त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. १९११ सालच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे या पेटीवादकाने चाली दिल्या, त्याही ठुमरी-कजरीच्या वळणावरून घेतलेल्या, आणि तरी त्या त्यांच्याच ठरल्या. उसनं घेता घेता हात कुठे वळतो, कुठली जागा आपण नकळत बदलतो, तिथून स्वतःची चाल फुटते.

मात्र घरात शिकण्यासाठी उसनं घेणं वेगळं आणि बाहेर स्वतःच्या नावावर मांडणं वेगळं. राग आणि ताल कोणाच्याच मालकीचे नाहीत. विशिष्ट चाल मात्र ज्याने केली त्याची असते. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा शब्द आणि संगीत यांना दोन स्वतंत्र कृती मानतो. कवीच्या मृत्यूनंतर, पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. म्हणजे संतांचे अभंग खुले आहेत. केशवसुत १९०५ला गेले, बालकवी १९१८ला, त्यांच्या कविताही खुल्या आहेत. आजच्या कवीची कविता घेतलीत तर परवानगी विचारा. कवी असं पत्र वाचून आनंदतात, हा माझा अनुभव आहे. आणि अभंग संतांचा असला तरी त्याची लोकप्रिय चाल अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या स्वतःच्या चालीचा हक्क ती तयार झाल्यापासून तुमचाच. त्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही.

‘माझी चाल कुठल्यातरी गाण्यासारखी वाटते’ ही भीती प्रत्येकाला असते. मलाही होती. एकाच रागात दोन चाली एकमेकींच्या जवळून जाणारच. मी चार जाणत्या कानांना गुणगुणून दाखवतो आणि विचारतो, काय आठवलं? चौघांनी चार वेगवेगळी गाणी सांगितली तर काळजी नाही. चौघांनी एकच सांगितलं तर वही उघडून बसायचं.

लिहून ठेवा

सुचलेला तुकडा मोबाइलवर लगेच ध्वनिमुद्रित करा, आणि सुरुवातीला तोंडाने पट्टी सांगा: ‘काळी दोन, भजनी ठेका’. नाहीतर महिन्याने ऐकताना सा कुठला तेच कळत नाही. पण ध्वनिमुद्रणावर थांबू नका. वहीत स्वरलेखनही करा. भातखंडे पद्धत शिकायला एक दुपार पुरते: मंद्र सुराच्या खाली टिंब, तार सुराच्या वर टिंब, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, अक्षर लांबवायचं तिथे अवग्रह (ऽ). लिहिताना जे दिसतं ते ऐकताना सुटतं. ‘चु’ची अडचण मला कागदावर दिसली. त्याआधी नुसतं खटकत होतं, का ते कळत नव्हतं.

मग चाल दुसऱ्याच्या तोंडी द्या. शिकवू नका, दोनदा गाऊन दाखवा आणि आठवडाभराने म्हणायला सांगा. त्यांना जे आठवेल तीच चाल. तुमच्या आवडत्या मुरक्या, हरकती, म्हणजे सुरांची बारीक सजावट, ते गाळतील. गळू द्या.

आमच्या मंडळात सत्तरीच्या एक काकू आहेत. दोन गुरुवारांनी त्यांनी ‘आठवतो’ म्हटलं ते माझ्यासारखं सा वर आणून सोडलं नाही. त्या म्हणाल्या:

म ऽ प ग | म ऽ ऽ ऽ

मध्यमावरच राहिल्या. मी म्हटलं, काकू, तिथे सा वर यायचंय. त्या म्हणाल्या, “अरे, अजून आठवतंय ना तुला? मग संपवतोस कशाला?”

मध्यमावरून परत मुखड्याच्या मंद्र निषादावर उतरायला सगळ्यांना दोन-तीन आठवडे जड गेलं. आता जमतं. वहीतला सा मी लाल शाईने खोडला आहे आणि त्याच्यावर म लिहिला आहे. सा वर आम्ही फक्त एकदाच येतो, अगदी शेवटच्या आवर्तनात, मृदंग थांबल्यावर.